बसलेली माणसं

शुक्रवारी दुपारी, आमच्या खाली राहणाऱ्या जाहिदाच्या घरी आम्ही चौघी सिनेमा बघतो. माझ्यासारखी बाई भुताखेताचे सिनेमे बघते हे ऐकून माहेरचे लोक हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. सकाळी आंघोळ, भस्म आणि लिंगपूजा झाल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घेत नाही. सोमवारी एकदाच जेवते. आणखी एक नेम आहे, लग्नाच्या आधी गुरूंनी दिलेला. दिवे लागेपर्यंत कुणाची निंदा करायची नाही. माणसाची नाही, जनावराची नाही, बाजारातल्या किडक्या वांग्याचीसुद्धा नाही. दिवा लावल्यावर सूट असते, पण तोवर काय बोलायचं होतं तेच मी विसरलेली असते.

असा नेम असलेल्या बाईला सिनेमा संपल्यावर "कसा वाटला?" म्हणून विचारलं, तर ती काय सांगणार? एका सिनेमात चार माणसं दुसऱ्या ग्रहावर अडकली आणि शेवटपर्यंत रडत राहिली. मी म्हणाले, "तिथली माती चांगली काळी होती. हरभरा आला असता." एका सिनेमात झपाटलेलं घर होतं. मी म्हणाले, "समया छान घासलेल्या होत्या." तेव्हापासून प्रत्येक सिनेमा संपला की तिघी माझ्याकडं वळून बसतात. जाहिदा म्हणते, "थांबा, महानंदावहिनी आता त्याच्यात काय चांगलं शोधून काढतात बघू." माझ्या मताला फार मान आहे असं नाही. सिनेमापेक्षा त्याचीच जास्त मजा येते, एवढंच.

जाहिदाचा मुलगा यासेर मोबाईल दुरुस्त करतो. भिंतभर टीव्ही त्यानंच आणून लावला. नवीन आलेलं जे काही हिंदीत डब होतं, ते आमच्या शुक्रवारात येतं. जाहिदाला राजे, तलवारी आणि उडते घोडे आवडतात. पण ती शिवणकाम करणारी बाई, त्यामुळं तिची नजर कपड्यांवर. एकदा विहिरीतून चेटकीण वर आली, तर ही म्हणाली, "बया, साडीला फॉल लावलेला हाय. मेल्यावर कोण लावून देलं हिला?"

तिसऱ्या पंचशीलाबाई. विष्णुपुरीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या. त्यांना अंतराळयानं आवडतात आणि प्रत्येक यानात काहीतरी चुकलेलं असतं. भुताचा सिनेमा लागला की त्या सुरुवातीलाच सांगून टाकतात, "आमच्यात आत्माच मानत नाहीत. भूत कुठून येणार?"

"मग बघायला काऊन येता?" जाहिदा विचारते.

"तुमच्या घरचा चहा चांगला असतो."

चहाचं सांगायचं तर, माझ्यासाठी जाहिदानं एक पातेलं वेगळं ठेवलंय. मी कधी मागितलं नव्हतं. पहिल्याच शुक्रवारी ते आपलं आपण ओट्यावर आलं.

चौथी रत्नम्मा अक्का, माझी थोरली जाऊ. देगलूरकडची, त्यामुळं बोलता बोलता एखादा कानडी शब्द येतो. भुतं हा तिचा खास विषय. पडद्यावर भूत आलं की ती मास्तरासारखी निकाल द्यायची, पास नाहीतर नापास. नापास जास्त. "ह्याला भ्याचं का कीव करायची," म्हणायची आणि पोट धरून हसायची. गेल्या श्रावणात तिचे मालक, माझे मोठे भाऊजी गुरुपादप्पा, लिंगैक्य झाले, म्हणजे वारले. त्यानंतर ती शुक्रवारी येईना. मग एक दिवस जाहिदा स्वतः वर आली, तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि दंड धरून तिला खाली घेऊन गेली. अक्का येऊ लागली, पण निकाल देईना. आम्हाला वाटलं, दुःखाचं वर्ष आहे, हळूहळू होईल.

जेठात तो जमीनदाराचा सिनेमा आला. नुकताच आलेला, दक्षिणेकडचा. गोष्ट साधी. एका जमीनदाराला त्याच्याच मळ्यात पुरतात. पुरायच्या आधी बायको त्याच्या बोटातली अंगठी काढून पेटीत ठेवते. मग दर अमावास्येला तो माती सारून वर येतो आणि दारात उभा राहून म्हणतो, "माझी वस्तू दे."

पहिल्यांदा तो वर आला तेव्हा जाहिदा म्हणाली, "मातीतून निघाला न् धोतर पांढरंशुभ्र. कोणती पावडर वापरतो ते तरी सांगावं."

"अंगावर एवढी माती असताना नुसत्या हातानं वर येणं शक्य नाही," पंचशीलाबाई म्हणाल्या. "आणि तेही अमावास्येला, अंधारात. दिसतं कसं ह्याला?"

"अक्का, तुमचं सांगा. पास का नापास?"

अक्काचा हात पदराखाली, छातीवर होता. आम्हा लिंगायतांत लिंग तिथंच असतं, चांदीच्या करंडीत, दोऱ्यानं गळ्यात बांधलेलं. जमीनदार दुसऱ्यांदा दारात आला तशी ती उठली. "डोकं दुखून राहिलंय माझं," म्हणाली आणि गेली.

सिनेमा संपल्यावर मी घरी आले, तर ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली.

"शेवटाला अंगठी दिली का गं तिनं?"

"दिली."

"मग गेला का तो?"

"गेला."

"परत न्हाई ना आला?"

"सिनेमाच संपला, अक्का."

तिनं मान हलवली, पण उत्तर पटलेलं दिसलं नाही.

त्याच आठवड्यात वीरभद्राचा फोन आला. अक्काचा मुलगा, लातूरला असतो. भाऊजींची समाधी कंधारच्या वाटेवर आमच्या शेतात आहे. वर्ष भरायच्या आत तिथं कट्टा बांधून वरून फरशी बसवायची, पुण्यस्मरणाला स्वामींना बोलवायचं, असं त्यानं ठरवलं होतं. मिस्त्रीसुद्धा सांगून ठेवला होता. अक्का म्हणाली, फरशी नको.

"का नको, आई?"

"माती मऊ हाय अजून. खचल."

"पावसाळा जाऊन उन्हाळा सरला. कुठली मऊ राहतीय आता?"

"नको म्हणलं ना. साकु." साकु म्हणजे पुरे. अक्काच्या तोंडून हा शब्द निघाला की आमच्या घरात विषय संपतो. पण ह्या वेळी संपला नाही. वीरभद्र तसा बापासारखा, बोलतो हळू पण सोडत नाही. त्यानं दिवस बदलला, काम बदललं नाही. माझे मालक शिवप्पा मला विचारू लागले, "वहिनी काऊन अडून बसल्यात? थोरल्या भावाची समाधी उघडी ठेवायची का आपण?"

तेव्हा मला एक गोष्ट दिसू लागली होती. आमच्या घरात पूजा माजघरात होते, सगळ्यांच्या देखत. अक्का मात्र अलीकडं आतल्या खोलीत, दार लोटून बसायची आणि लवकर बाहेर यायची. ताटातली भाकरी गायीला जायची. विचारलं तर म्हणायची, दूध घेतलंय. आमच्यात पूजा झाल्याशिवाय अन्न नाही. दूध म्हणजे अन्न नव्हे, अशी तिनं आपल्या मनाशी काहीतरी तडजोड केलेली होती. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या.

मी तिला टोकलं नाही. अंबाडीची जुडी घेऊन तिच्याजवळ जाऊन बसले आणि पानं खुडू लागले. थोड्या वेळानं तीही खुडू लागली. पानं खुडता खुडताच तिनं सांगितलं.

"दवाखान्यात त्यांना त्या मशीनमध्ये घालायचं होतं. अंगावरची चांदी काढा म्हणले. मी त्यांचं लिंग काढलं न् माझ्याच गळ्यात घातलं. दुसरीकडं कुठं ठेवणार? दोन्ही करंड्या एकाच सोनारानं केलेल्या, आमच्या लग्नात. तू बघितल्यास की."

"हाव."

"मग ते परत घालायची वेळच न्हाई आली. शेतात त्यांना बसवलं. स्वामी म्हणले, लिंग द्या. डोळ्यात पाणी, वरून भस्म उडून राहिलेलं. मी एक काढून दिलं. त्यांच्या हातावर ठेवलं, बेल घातला, माती लोटली." तिनं एक किडकं पान बाजूला टाकलं. "दुसऱ्या दिवशी पूजेला बसले. करंडी उघडून हातावर घेतलं न् कळलं. त्यांच्या लिंगाची एक कडा झिजलीय. पूजा करताना अंगठा फिरवायची सवय होती त्यांना. माझं तसं न्हाई. माझं मला डोळे झाकून कळतं."

मी पानं खुडायची थांबले. "म्हणजे तुमचं..."

"माझं त्यांच्या हातात हाय. त्यांचं माझ्या गळ्यात."

हे आमच्यात किती मोठं आहे ते वेगळं सांगायला पाहिजे. देवळातला देव सगळ्यांचा असतो. हा तसा नाही. लहानपणी गुरू तो हातावर देतात, तो ज्याचा त्याचा. नवऱ्याचा बायकोला चालत नाही, आईचा लेकराला चालत नाही. जन्मभर अंगावर राहतो आणि शेवटी हातात घेऊनच मातीत बसायचं. आमची माणसं जाळत नाहीत, आडवी निजवतही नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर लिंग ठेवून.

"गुरूंकडं जाऊ, अक्का. ते नवं देतील. तशी रीत आहे."

"नवं घेतलं तर ह्यांचं काय करू? गोदावरीत सोडू? म्हणजे ह्यांचं पाण्यात, माझं मातीत न् माझ्या गळ्यात तिसरंच." तिनं माझ्याकडं बघितलं. "फरशी बसायच्या आधी उघडायचं, महानंदा. ज्याचं त्याला द्यायचं. तू वीरभद्राला सांग. मी आई हाय त्याची, माझ्या तोंडून निघत न्हाई."

समाधी उघडायची. मी हो म्हणाले नाही, नाहीसुद्धा म्हणाले नाही. नेमाच्या हिशेबानं बघितलं तर अक्काचं म्हणणं खरं होतं, हीच अडचण होती. माझं लिंग असं गेलं असतं तर मीही दूधच पिऊन राहिले असते. पण ऐन पावसाळ्याच्या तोंडाला मुलानं बापाची माती उकरायची, हे डोळ्यांसमोर आणवेना.

"भाऊजींचं भ्या वाटतंय का, अक्का? त्या सिनेमामुळं?"

"त्यांचं कशाचं भ्या? आले तर चहा टाकीन." तिनं आणखी एक पान खुडलं. "भ्या ह्याचं वाटतंय की ते येत न्हाईत. ज्याची वस्तू राहिली तो येतोय. प्रत्येक सिनेमात येतोय. हे का आले न्हाईत? कुठं अडकून बसलेत का, यायचं म्हणलं तरी येता येईना असं?"

ती इतके सिनेमे हसत बघत होती, पण त्यातला एक नियम मनात धरून ठेवला होता. त्या नियमावर ती रोज भाऊजींची वाट बघत होती. हे मला त्या वेळी कळलं.

पुढच्या शुक्रवारी ती आपण होऊन खाली आली. यासेरनं यंत्रमाणसांचा कुठलातरी नवा सिनेमा लावून ठेवला होता. पंचशीलाबाई चष्मा पुसून तयार होत्या. अक्का म्हणाली, "थांबवा जरा. मला त्या जमीनदाराचं विचारायचंय."

"तो अजून डोक्यात हाय व्हय?" जाहिदा म्हणाली. "मला वाटलं, तुमी त्याला नापास करून आलात."

"समजा, बायकोनं अंगठी ठेवून न्हाई घेतली. समजा, बोटात घातली. पण गडबडीत त्याची न्हाई, स्वतःची घातली. न् त्याची हिच्याकडं राहिली. मग तो आला असता का?"

प्रश्न अगदी सहज विचारला तिनं, नव्या सिनेमाची गोष्ट रचावी तसा. मी माझ्या मांडीवरच्या हाताकडं बघत राहिले.

जाहिदाला असले प्रश्न आवडतात. ती पाय वर घेऊन बसली. "कशाला येईल? रिकाम्या हातानं गेलेला माणूस येतो. हा तर बायकोची चीज घेऊन गेला. उलट खुश असंल. म्हणंल, तुझी माझ्यापाशी, माझी तुझ्यापाशी. आता कुठं जातीस, भेटावंच लागतंय."

"पण त्याची त्याला नको का?"

"काऊन नको? तिची वेळ येईल तवा तिच्या बोटात त्याची घालून पाठवा. गेल्यावर घेतील बदलून. नवरा-बायकोचं हाय, आपण काऊन मधी पडायचं?"

अक्का पंचशीलाबाईंकडं वळली. "मॅडम, तुम्ही सांगा. बायकोनं उकरून बदलावी का?"

"आमच्यात आत्मा नाही," पंचशीलाबाई म्हणाल्या. सवयीनं म्हणाल्या, पण मग थांबल्या. अक्काचा चेहरा त्यांनी बघितला असावा. "सिनेमापुरतं बोलते. उकरायचं म्हणजे काय, ते बघा. त्याच्या बोटातली आपली अंगठी हिनं ओढून काढायची. त्यानं एवढे दिवस धरून ठेवलेली. असला प्रसंग दाखवला तर मी उठून जाईन. भूत परवडलं."

अक्काचे हात पदराखाली गेले. हे तिच्या मनात आलेलं नव्हतं. द्यायचं तिनं ठरवलं होतं, पण त्याच्या हातातून घ्यावंही लागेल, तिकडं तिनं बघितलंच नव्हतं.

"आता तुमचं, महानंदावहिनी," जाहिदा म्हणाली. "जमीनदाराच्या मळ्यात काय चांगलं पिकलं असतं?"

मी म्हणाले, "तो सिनेमा चुकीचा आहे."

कुणी हसलं नाही. जाहिदानं खिडकीकडं बघितलं. ऊन अजून समोरच्या भिंतीवर होतं. "दिवे लागले न्हाईत अजून, वहिनी."

"माहीत आहे." मी अक्काकडं वळले. "ज्यानं तो लिहिला त्याला मातीतल्या माणसांची माहिती नाही. त्यानं जमीनदाराला आडवं निजवलं. निजलेला माणूस जागा होणार, उठणार. आमची माणसं निजत नाहीत, बसतात. पूजेला बसल्यासारखी. मोठे भाऊजी पूजेला बसले की दूधवाला ओरडून जायचा, फोन वाजून बंद व्हायचा. ते कधी उठले का, अक्का?"

"न्हाई," अक्का म्हणाली.

"हातावर जे ठेवलं, त्याच्यावर नजर लावायची न् बसायचं. मधूनच उठून दारात येऊन वस्तू मागणारा माणूस म्हणजे पूजा अर्धी टाकून आलेला माणूस. तसले आपल्या घरात नव्हते. ते येत नाहीत, कारण त्यांचं बरं चाललंय. अडकलेत म्हणून नाही."

मग जाहिदा म्हणाली, "आमचे आडवेच निजवतात, वहिनी. तोंड काब्याकडं करून. तेबी कोणी उठून आलेलं न्हाई आजपर्यंत."

"मग लिहिणाऱ्याला तुमच्यांचीही माहिती नाही."

"ते हाय," जाहिदा म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

यंत्रमाणसांचा सिनेमा त्या दिवशी राहून गेला. घरी येऊन मी दिवा लावला. नेम मोडला होता, त्याचं प्रायश्चित्त मला माहीत होतं, ते मी केलं. पण मन त्याला लागलं नव्हतं. मी जे बोलले ते कुठल्या पोथीत आहे का, मला ठाऊक नाही. दुसऱ्याचं लिंग हातावर घेऊन बसलेल्याची पूजा पूजा होते का, हे गुरू सांगतील, मी कोण सांगणार? अक्काला काय वाटलं तेही कळलं नाही. तिनं विषय काढला नाही. मी वीरभद्राला फोन केला नाही. फरशीच्या दिवसाला ती नको म्हणाली नाही, एवढंच.

आम्ही सकाळी निघालो. वीरभद्र लातूरहून गाडी घेऊन आला होता. अक्कानं मागच्या सीटवर बसताना मला हळूच म्हटलं, "तिथं गेल्यावर सांगते." काय सांगते ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. उघडा म्हणाली तर वीरभद्र काय करील, स्वामी काय म्हणतील, हेच कंधारच्या वाटेवर मनात चालू होतं. मी भाकरी बांधून घेतल्या होत्या. अक्काच्या वाटणीचीही घेतली होती.

शेतात नरसिंग मिस्त्री आधीच येऊन बसला होता. कट्टा बांधून झालेला, मधली माती तेवढी उघडी. फरशा बांधावर टेकवून ठेवलेल्या. त्यानं माल कालवला, थापी हातात घेतली आणि वीरभद्राकडं बघितलं. वीरभद्रानं आईकडं बघितलं.

"करू ना सुरू, आई?"

"थांब. सगळे जरा लिंबाखाली जा. महानंदा, तू ऱ्हा."

ते गेले. अक्का मातीसमोर मांडी घालून बसली. सोबत आणलेल्या तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले. कपाळाला भस्म लावलं. मग गळ्यातली करंडी उघडली आणि लिंग डाव्या तळहातावर घेतलं. मला वाटलं होतं, ती डोळे मिटील. मिटले नाहीत. ती हातावर बघत राहिली, मग समोरच्या मातीकडं, मग पुन्हा हातावर. तिचा उजवा अंगठा एका कडेवरून फिरू लागला, सावकाश, जिथं दुसऱ्या कुणाच्यातरी अंगठ्यानं आधीच वाट करून ठेवलेली होती तिथं. भाऊजींना मी तसंच बसलेलं बघितलं होतं. इतक्या वर्षांत अक्काला तशी सवय नव्हती.

लिंबाखाली वीरभद्र उभा राहायचा, पुन्हा बसायचा. मिस्त्रीचा माल वाळत होता. त्यानं त्यावर पाणी शिंपडलं. बांधावर कुणाची तरी म्हैस येऊन गेली. अक्का उठली नाही.

पूजा झाल्यावर तिनं करंडी बंद केली, दोरा नीट केला आणि मुलाला हाक मारली. "वीरभद्रा, मिस्त्रीला सांग, फरशी बसव. पण कट्ट्याच्या ह्या अंगाची जागा मोकळी ठेव. काही लावू नको तिथं, तुळस नको, पायरी नको."

"ती कशाला, आई?"

"माझी हाय. न् ऐक. माझ्या वेळेला माझ्या गळ्यात जे असंल तेच हातावर ठेवायचं. शोधाशोध करायची न्हाई. दवाखान्यात काढा म्हणले तर खिशात ठेव, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालू नको. कळलं?"

"कळलं," वीरभद्र म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मिस्त्रीला हाक मारली, की माल वाळायच्या आत हात चालवा.

पहिली फरशी बसत असताना अक्का लिंबाखाली येऊन माझ्याजवळ बसली. तिचे डोळे कोरडे होते. थापीचा आवाज येत होता, ठक ठक, फरशी बसवताना वरून ठोकतात तसा. थोडा वेळ तिनं ऐकलं.

"भाकरी आणलीस का गं?"

मी फडकं सोडलं. अंबाडीची भाजी होती, वर लसणाची फोडणी. तिनं पहिला घास तोडला आणि हातातच धरून बसली. मग खाल्ला. एक भाकरी संपवली आणि दुसरीकडं हात केला. मी दुसरीकडं तोंड फिरवून पाणी ओतत राहिले. तांब्या भरलेला होता तरी ओतत राहिले.

गुरूंना विचारायचं अजून राहिलंच आहे. अक्का म्हणते, विचारू सावकाश. नवं घ्या म्हणाले तर काय करायचं, ह्याचा विचार आम्ही दोघी करत नाही. ती आता माजघरात पूजेला बसते, सगळ्यांच्या देखत. कुणी जवळ जाऊन बघत नाही, कुणाला काय कळणार? मला कळतं. तो अंगठा फिरायला लागला की मी आपल्या पूजेकडं वळते.

शुक्रवारी जाहिदाकडं नवीन भुताचा सिनेमा होता. पडक्या घरातली बाई, लांब केस, उलटे पाय. पहिलाच प्रसंग, कुणी दार वाजवलंसुद्धा नव्हतं, तोवर ती भिंतीतून बाहेर आली. पंचशीलाबाई म्हणाल्या, त्या भिंतीची जाडी बघता हे कठीण आहे. जाहिदा केसांविषयी काहीतरी म्हणाली. अक्कानं कपातला चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

"नापास," ती म्हणाली. "हाक मारायच्या आधीच बाहेर निघून राहिलीय. हिला बसायची सवयच न्हाई."

जाहिदानं तिच्याकडं बघितलं, मग तिच्या गळ्यातल्या दोऱ्याकडं. उठून तिच्या कपात आणखी चहा ओतला, आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सांगा वहिनी, ऊन हाय अजून. हिच्यात काय चांगलं हाय?"

मी म्हणाले, "केस चांगले आहेत. तेल लावत असणार."